कोऱ्या डिस्कवर विंडोज ११: दोन पेनड्राइव्ह आणि अकराव्या पिढीचा लॅपटॉप

दोन पेनड्राइव्ह लागतात. एकावर विंडोजचा सेटअप, दुसऱ्यावर ड्रायव्हर, म्हणजे डिस्क, वायफाय असे भाग विंडोजला चालवता यावेत म्हणून लागणारे छोटे प्रोग्राम. एकाच पेनड्राइव्हवर दोन्ही मावतात हे खरं, पण सेटअपची कॉपी खराब निघाली आणि पेनड्राइव्ह पुन्हा बनवायची वेळ आली, तर तो आधी पुसला जातो आणि ड्रायव्हरही त्याच्याबरोबर जातात. तोवर लॅपटॉपची डिस्क कोरी झालेली असली, तर ते ड्रायव्हर दुसऱ्या कुठल्या तरी संगणकावरून शोधत बसावं लागतं. म्हणून दोन, आणि दोघांवर चिकटपट्टी लावून नाव.

लॅपटॉप असा होता: इंटेलचा अकराव्या पिढीचा आय-५, ८ जीबी रॅम, ५१२ जीबीची एनव्हीएमई एसएसडी, म्हणजे चिपवर साठवणारी वेगवान डिस्क. छपाईच्या आणि हिशेबाच्या कामाचं यंत्र. विकत घेतलं तेव्हा त्यात अधिकृत विंडोज ११ होम होतं. मध्ये कधीतरी दुरुस्तीच्या वेळी त्यावर प्रो आवृत्ती चढवून ती चोरीच्या ॲक्टिव्हेटरने, म्हणजे परवाना नसताना विंडोज सक्रिय करणाऱ्या प्रोग्रामने, चालू केली होती. असे ॲक्टिव्हेटर चालवताना आधी अँटीव्हायरस बंद करायला सांगतात. त्यानंतर यंत्रात काय काय शिरलं असेल याचा भरवसा देता येत नाही, आणि ज्यावर बँकेचं काम होतं त्या यंत्राबाबत एवढं कारण पुरेसं आहे.

यंत्र नुसतं मंद झालं असेल तर एवढा खटाटोप करू नका. सेटिंग्जमधल्या ‘रिसेट धिस पीसी’मध्ये ‘क्लाउड डाउनलोड’ निवडा. चार जीबीहून जास्त डेटा जातो, पण ड्रायव्हर जागेवर राहतात आणि पुढे लिहिलेल्या अर्ध्या अडचणी येतच नाहीत. इथे ते चालणार नव्हतं, कारण रिसेट केल्यावर तीच प्रो आवृत्ती परत आली असती.

विंडोज १० पुन्हा टाकायचा विचार असेल तर तो सोडा. तिचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० (किल्ल्या जपणारी सुरक्षा चिप) लागतं, सिक्युअर बूट (फक्त सही असलेलं सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सोय) जमणारं यूईएफआय (यंत्र सुरू करणारं मदरबोर्डवरचं सॉफ्टवेअर) लागतं, आणि इंटेलच्या बाबतीत साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. अकरावी पिढी यात आरामात बसते.

पुसण्याआधी

सेटअपला फक्त त्याच्या पेनड्राइव्हवर असलेलं माहीत असतं. तुमच्या यंत्राच्या डिस्कचा कंट्रोलर कुठला, वायफायची चिप कुठली, तुमच्या फाइली कुठल्या फाँटमध्ये आहेत, यातलं काहीही त्याला ठाऊक नसतं. ही सगळी माहिती जुन्या विंडोजकडे असते, आणि ती आपण पुसायला निघालेलो असतो. म्हणून तिच्याकडून ती आधी काढून घ्यायची.

पहिलं काम ड्रायव्हरचं. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडायचा आणि ‘पीएनपीयूटिल’ ही आज्ञा द्यायची: शब्द पीएनपीयूटिल, मग स्लॅश एक्स्पोर्ट-ड्रायव्हर, मग एक तारांकन, मग दुसऱ्या पेनड्राइव्हवरच्या फोल्डरचा पत्ता. फोल्डर आधी बनवून ठेवायचं. बाहेरून आलेले सगळे ड्रायव्हर, म्हणजे विंडोजचे स्वतःचे सोडून उरलेले, एकेका उपफोल्डरमध्ये सुटे होऊन येतात. ग्राफिक्सचा ड्रायव्हर असतो त्यामुळे आकार एक-दोन जीबी होतो. यंत्र आज नीट चालतंय याचा अर्थ हा संच त्याला चालतो. कंपनीच्या वेबसाइटवर मॉडेलच्या पाच उपप्रकारांतून आपला ओळखण्यापेक्षा हे खात्रीचं आहे.

संच आल्यावर त्यात ‘आयएस्टोरव्हीडी’ या नावाने सुरू होणारं फोल्डर आहे का ते पाहून घ्यायचं. अकराव्या आणि त्यापुढच्या पिढ्यांच्या इंटेल लॅपटॉपवर सगळं घोडं इथेच अडतं. का, ते पुढे सांगतो.

चोरीच्या ॲक्टिव्हेटरने दूषित झालेल्या यंत्रातून ड्रायव्हर घ्यावेत का, हा प्रश्न रास्त आहे. या संचातल्या ड्रायव्हरवर सही असते आणि ६४ बिटच्या विंडोजमध्ये कर्नल (विंडोजचा गाभा) पातळीवरचा सही नसलेला ड्रायव्हर सहसा चढत नाही. तरीही शंका असेल तर फक्त डिस्कचा आणि वायफायचा ड्रायव्हर लॅपटॉप कंपनीच्या पानावरून घ्यायचा आणि बाकीचं विंडोज अपडेटवर सोडायचं. इथे हाच मार्ग धरला. पूर्ण संच केवळ हाताशी ठेवला.

कंपनीच्या पानावर डिस्कचा ड्रायव्हर बहुधा ‘इंटेल रॅपिड स्टोरेज टेक्नॉलॉजी’ या नावाने, एकाच एक्झी फाइलमध्ये मिळतो. ती तशीच पेनड्राइव्हवर ठेवून उपयोग नाही, सेटअपला आयएनएफ, एसवायएस आणि कॅट या सुट्या फाइली लागतात. इंटेलची ‘सेटअपआरएसटी’ फाइल असेल तर कमांड प्रॉम्प्टमध्ये तिच्या नावापुढे वजा-चिन्ह, लगेच ‘एक्स्ट्रॅक्टड्रायव्हर्स’ आणि मग फोल्डरचा पत्ता दिला की ती सुटी होते. ही तयारी जुनी विंडोज चालू असतानाच करायची.

दुसरं काम कुलपाचं. आजकालच्या लॅपटॉपवर ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ मालकाला न कळताही चालू असतं. कमांड प्रॉम्प्टमध्ये मॅनेज-बीडीई, मग एक जागा सोडून वजा-चिन्ह आणि स्टेटस, एवढं लिहिलं की प्रत्येक ड्राइव्हची अवस्था दिसते. इथे एक मोठी गफलत होते, आणि तिच्यापायी लोकांचे फोटो गेलेले आहेत. आपल्याकडे सी ड्राइव्हवर विंडोज आणि डी ड्राइव्हवर डेटा अशी विभागणी करायची सवय आहे. फॉरमॅट करताना सी पुसायचा आणि डी तसाच ठेवायचा, हेही ठरलेलं. पण एन्क्रिप्शन चालू असेल तर डीलाही कुलूप असतं, आणि रोज ते आपोआप उघडणारी किल्ली सीवर ठेवलेली असते. सी पुसला की किल्ली गेली. नवी विंडोज डीवर बोट ठेवताच ४८ आकडी रिकव्हरी की मागते. ती मायक्रोसॉफ्ट खात्यातल्या डिव्हाइसच्या पानावर साठवलेली असू शकते, पण प्रत्येक ड्राइव्हची की वेगळी असते, आणि डीची तिथे आहे का हे पुसण्याआधी पाहायचं असतं. दोन्ही कागदावर उतरवा, किंवा आधी एन्क्रिप्शन बंद करून डिस्क पूर्ण उलगडेपर्यंत थांबा. अर्धा टेराबाइट भरलेला असेल तर याला तासभरही लागू शकतो.

बायोसमध्ये, म्हणजे त्याच यूईएफआयच्या सेटिंगच्या पानांवर, सिक्युअर बूटची सेटिंग बदलली तरी हीच की विचारली जाऊ शकते. म्हणजे पुसायचा विचार रद्द करून जुन्या विंडोजमध्ये परत जायचं झालं तरी की लागणारच.

तिसरं काम फाइलींचं. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि डाउनलोड्स सगळे घेतात. राहून जातं ते वेगळंच. वनड्राइव्हमध्ये ढगाचं चिन्ह असलेली फाइल डिस्कवर नसतेच, तिची कॉपी घ्यायला आधी ती उतरवावी लागते. आउटलुकची पीएसटी फाइल डॉक्युमेंट्समधल्या ‘आउटलुक फाइल्स’मध्ये असते. टॅलीचा डेटा कुठे आहे ते टॅलीतच कंपनी उघडताना दिसणाऱ्या पत्त्यावरून खात्री करून घ्यायचं. अंदाजाने फोल्डर उचललं तर तीन वर्षांपूर्वीचं हाती लागतं. टॅलीचा परवाना यंत्राला बांधलेला असतो, तो फॉरमॅट करण्याआधी टॅलीतूनच ‘सरेंडर’ करायचा, म्हणजे नंतर पुन्हा चालू करताना अडचण येत नाही. जीएसटीसाठी वापरायची डिजिटल सही यूएसबी टोकनमध्ये असेल तर ती टोकनमध्येच सुखरूप असते, नव्या विंडोजवर फक्त टोकनचा ड्रायव्हर टाकायचा.

आणि फाँट. मराठी छपाईचं काम असलेल्या यंत्रावर हे विसरलात तर बाकीचा सगळा बॅकअप असून नसल्यासारखा. श्रीलिपी किंवा आयएसएम या मराठी टंकलेखनाच्या सॉफ्टवेअरमधल्या युनिकोडपूर्व (आजची सर्वमान्य अक्षरपद्धत येण्याआधीच्या) फाँटमध्ये केलेल्या फाइलींत मजकूर मुळात रोमन अक्षरांच्या जागांवर साठवलेला असतो. तो मराठी दिसतो तो फाँटमुळे. फाँट नसला की लग्नपत्रिकेच्या जागी इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची गिचमिड दिसते. फाइल बिघडलेली नसते, पण त्या क्षणी कुणाचा विश्वास बसत नाही. म्हणून विंडोजच्या फाँट्स फोल्डरमधले ‘श्री’ आणि ‘डीव्ही’ने सुरू होणारे सगळे फाँट घ्यायचे. फाँट ‘फक्त माझ्यासाठी’ म्हणून बसवला असेल तर तो त्या फोल्डरमध्ये नसतो. वापरकर्त्याच्या ॲपडेटा, लोकल, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, फाँट्स या मार्गावर असतो. ॲपडेटा हे लपवलेलं फोल्डर आहे, एक्सप्लोररमध्ये लपलेली फोल्डर दाखवायची खूण चालू करावी लागते. सॉफ्टवेअरचा परवाना डोंगलवर आहे की यंत्राच्या क्रमांकावर, तेही आत्ताच विक्रेत्याला विचारून घ्यायचं.

लॅपटॉपबरोबर ऑफिस आलं असेल तर ते कुठल्या मायक्रोसॉफ्ट खात्याला जोडलंय ते खात्याच्या पानावर पाहायचं. कोऱ्या विंडोजबरोबर ते येत नाही. खात्यात नोंद असेल तर तिथूनच पुन्हा उतरवता येतं.

हा सगळा बॅकअप बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेतल्यावर ती डिस्क दुसऱ्या संगणकाला लावून दहा-बारा फाइली उघडून पाहायच्या. कॉपीची पट्टी शेवटपर्यंत गेली म्हणजे कॉपी झाली, असं धरून चालू नये. दूषित यंत्रातून एक्झी फाइली मात्र एकही उचलायची नाही. सॉफ्टवेअर पुन्हा मूळ ठिकाणाहून घ्यायचं.

सेटअपचा पेनड्राइव्ह

मायक्रोसॉफ्टच्या विंडोज ११ च्या डाउनलोड पानावर ‘मीडिया क्रिएशन टूल’ मिळतं. त्याला कमीत कमी ८ जीबीचा पेनड्राइव्ह लागतो. १६ जीबीचा, यूएसबी ३ चा घ्या. जुना यूएसबी २ चा पेनड्राइव्ह चालतो, पण तोच काम दुप्पट लांबवतो. ते टूल भाषा आणि आवृत्ती विचारतं, फाइली उतरवतं आणि पेनड्राइव्ह बनवून देतं. नव्या माणसाने हाच मार्ग घ्यावा.

आयएसओ फाइल (अख्खा सेटअप एकाच फाइलमध्ये) उतरवून रूफस या प्रोग्रामने पेनड्राइव्ह बनवला तर काही गोष्टी आपल्या हातात राहतात. पार्टिशन स्कीम, म्हणजे डिस्कच्या भागांची नोंद ठेवायची पद्धत, जीपीटी; टार्गेट यूईएफआय. फाइल सिस्टिममध्ये रूफस बहुधा एनटीएफएस निवडतो, आणि त्याला कारण आहे. आयएसओमधली ‘इन्स्टॉल डॉट विम’ ही एकच फाइल ४ जीबीच्या वर जाते आणि फॅट३२ मध्ये ४ जीबीहून मोठी फाइल बसत नाही. यूईएफआयला मात्र फॅट३२ वाचता येण्याचीच खात्री असते. रूफस पेनड्राइव्हच्या शेवटी एक चिमुकला वेगळा भाग करून त्यात एनटीएफएस वाचणारा बूटलोडर ठेवतो आणि पेच सोडवतो. हे कळलं की ‘आयएसओ पेनड्राइव्हवर नुसती कॉपी केली आणि एक फाइल मोठी आहे म्हणून अडलं’ ही नेहमीची तक्रार कुठून येते ते समजतं.

आयएसओ घेतली तर तिचा एसएचए-२५६, म्हणजे फाइलमधून काढलेला ओळखीचा ठसा, जुळवायचा. पॉवरशेलमध्ये ‘गेट-फाइलहॅश’ आणि फाइलचा पत्ता दिला की ६४ चिन्हांची ओळ मिळते. तीच मायक्रोसॉफ्टच्या पानावर त्या भाषेसमोर छापलेली असते. दोन मिनिटांचं काम आहे. फाइल अर्धवट उतरली असेल तर ते इथेच कळतं. नाहीतर सेटअप मधेच ०x८००७०५७० हा आकडा दाखवून थांबतो, आणि तोवर डिस्क पुसून झालेली असते.

पेनड्राइव्हवरून सुरू करणं

चार्जर लावायचा. बाहेरच्या सगळ्या डिस्क काढायच्या, बॅकअपची तर खोलीबाहेर ठेवली तरी चालेल. यूएसबी माऊस जवळ ठेवायचा, कारण काही लॅपटॉपचा टचपॅड सेटअपमध्ये चालत नाही. त्यालाही ड्रायव्हर लागतो.

बूट मेनूची कळ कंपनीप्रमाणे बदलते. डेल आणि लेनोव्होवर एफ१२, एचपीवर एस्केप आणि मग एफ९, असूसवर एस्केप, एमएसआयवर एफ११. एसरवर एफ१२, पण बऱ्याच मॉडेलवर आधी एफ२ ने बायोसमध्ये जाऊन एफ१२ चा बूट मेनू चालू करावा लागतो. कळ दाबूनही सरळ विंडोजच उघडत असेल तर बहुतेक वेळा दोष ‘फास्ट स्टार्टअप’चा असतो. ‘शट डाउन’ केल्यावर यंत्र पूर्ण बंद होत नाही, अर्धं झोपतं. ‘रीस्टार्ट’ करा, किंवा शिफ्ट दाबून धरून रीस्टार्टवर क्लिक करा आणि ‘यूज अ डिव्हाइस’मधून पेनड्राइव्ह निवडा. ही दुसरी रीत कळांच्या गोंधळापेक्षा कितीतरी सोपी आहे.

यादीत पेनड्राइव्ह दोनदा दिसला तर ज्याच्यापुढे यूईएफआय लिहिलंय तो घ्यायचा.

भाषा निवडताना वेळेचा आणि चलनाचा प्रकार ‘इंग्लिश इंडिया’ ठेवला. कीबोर्डही तोच ठेवला, म्हणजे उजवा ऑल्ट आणि ४ दाबून ₹ उमटतो. पुढच्या पानावर ‘इन्स्टॉल विंडोज ११’ आणि त्याखाली ‘सगळं पुसलं जाईल हे मान्य आहे’ अशी खूण. प्रॉडक्ट की विचारलीच नाही, आवृत्तीही विचारली नाही. विंडोज ८ च्या काळापासून लॅपटॉपबरोबर आलेल्या विंडोजची की मदरबोर्डच्या फर्मवेअरमध्ये लिहिलेली असते. सेटअपने ती वाचली आणि होम घेतली. वर चोरीची प्रो बसवली तरी ही की तिथेच होती. एक रुपया न देता अधिकृत परवाना परत मिळतो, हे लोकांना कुणी सांगत नाही याचं वाईट वाटतं. उलटं प्रकरणही होतं: कुणी पैसे देऊन होमची प्रो केली असेल तरी सेटअप होमच घेतो. तेव्हा घाबरायचं नाही, नंतर ॲक्टिव्हेशनच्या पानावर प्रोची की द्यायची.

डिस्क दिसत नाही तेव्हा

यानंतर डिस्क निवडायचं पान आलं, आणि यादीत डिस्क नव्हती. फक्त पेनड्राइव्ह दिसत होता.

इथे लोक एसएसडी मेली असं समजून यंत्र दुकानात नेतात. एसएसडी धडधाकट असते. अकराव्या पिढीपासून इंटेलच्या बऱ्याच लॅपटॉपवर एनव्हीएमई डिस्क सरळ विंडोजला न दिसता ‘व्हीएमडी’ नावाच्या कंट्रोलरच्या मागे बसवलेली असते. विंडोजकडे एनव्हीएमईचा स्वतःचा ड्रायव्हर असतो, पण मधल्या व्हीएमडीचा ड्रायव्हर सेटअपच्या पेनड्राइव्हवर बहुतेक वेळा नसतो. दार उघडणाराच नाही, मग आतली डिस्क दिसणार कशी?

दुसरा पेनड्राइव्ह लावला, ‘लोड ड्रायव्हर’वर गेलो, ब्राउझ करून व्हीएमडीचं फोल्डर दाखवलं. यादीत ‘इंटेल आरएसटी व्हीएमडी कंट्रोलर ९ए०बी’ आलं. ९ए०बी ही अकराव्या पिढीची खूण. बाराव्या पिढीच्या बऱ्याच यंत्रांवर ४६७एफ असते. निवडून पुढे गेल्यावर काही सेकंदांत ‘डिस्क ०’ दिसली. यादी रिकामी आली तर फोल्डरमध्ये एक्झी तशीच राहिलीय का किंवा ड्रायव्हर दुसऱ्या पिढीचा आहे का ते पाहायचं. ‘जुळत नसलेले ड्रायव्हर लपवा’ ही खूण काढून जबरदस्तीने दुसराच ड्रायव्हर चढवू नये.

दुसरा उपाय बायोसमध्ये व्हीएमडी बंद करण्याचा आहे. काही एसर यंत्रांवर तो पर्याय लपलेला असतो, ‘मेन’ पानावर कंट्रोल आणि एस दाबल्यावर दिसतो. व्हीएमडी बंद केलं की सेटअपला डिस्क सरळ दिसते, ड्रायव्हर लागत नाही. तरी मी व्हीएमडी चालू ठेवून ड्रायव्हर देणंच पसंत करतो. पुढे कधी बायोस अपडेट झालं किंवा मूळ सेटिंगवर गेलं, तर व्हीएमडी पुन्हा चालू होऊ शकतं आणि चांगली चाललेली विंडोज निळ्या पडद्यावर ‘इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस’ म्हणत थांबते. तेव्हा दोन वर्षांपूर्वीची ही सेटिंग कुणाच्याही लक्षात नसते.

पार्टिशन

५१२ जीबीची डिस्क विंडोजला ४७६.९ जीबी दिसते. निर्माता जीबी हजाराच्या हिशेबाने मोजतो आणि विंडोज १०२४ च्या, फरक तेवढाच. डिस्क ० वर सहा भाग होते: २६० एमबीचा ईएफआय (विंडोज सुरू करणाऱ्या फाइलींचा), १६ एमबीचा राखीव, १५० जीबीचा सी, ३११ जीबीचा डी, साधारण १ जीबीचा रिकव्हरी आणि शेवटी निर्मात्याचा १४ जीबीचा फॅक्टरी रिकव्हरी.

हा शेवटचा भाग पुसला की कंपनीच्या मूळ अवस्थेत नेणारी सोय कायमची जाते. पेनड्राइव्ह हातात असताना तिची गरज राहत नाही, पण निर्णय समजून घ्यावा. डीची कॉपी बाहेर होती, म्हणून सहाही भाग एकेक करून पुसले आणि ‘अनअलोकेटेड स्पेस ४७६.९’ एवढी एकच ओळ ठेवली. नवे भाग हाताने पाडले नाहीत. ती ओळ निवडून ‘नेक्स्ट’ दाबलं की ईएफआय, राखीव, मुख्य आणि रिकव्हरी हे भाग विंडोज स्वतः नीट क्रमाने पाडते.

लॅपटॉपमध्ये दोन डिस्क असतील तर ‘डिस्क ०’ म्हणजे एसएसडीच असं धरू नका, आकारावरून ओळखा. १ टीबीची हार्ड डिस्क ९३१ जीबी दिसते. विंडोज एसएसडीवर आणि तिचा ईएफआय भाग हार्ड डिस्कवर, असंही होतं. मग हार्ड डिस्क काढल्याच्या दिवशी यंत्र सुरूच होत नाही.

जुन्या यंत्रावर ‘या डिस्कवर एमबीआर तक्ता आहे’ असा नकार येतो. एमबीआर ही जीपीटीच्या आधीची जुनी पद्धत. डिस्कपार्ट या आज्ञेचा इलाज त्यासाठी आहे. शिफ्ट आणि एफ१० दाबून काळी खिडकी उघडायची. बऱ्याच लॅपटॉपवर एफएनही बरोबर दाबावं लागतं. डिस्कपार्ट, लिस्ट डिस्क, सिलेक्ट डिस्क आणि तिचा क्रमांक, क्लीन, कन्व्हर्ट जीपीटी. ‘क्लीन’ काहीही विचारत नाही, खात्री करून घेत नाही. एंटर दाबण्याआधी लिस्ट डिस्क पुन्हा एकदा द्यायची आणि निवडलेल्या डिस्कपुढचं तारांकन योग्य आकारासमोर आहे का ते पाहायचं.

फाइली चढायला इथे बारा मिनिटं लागली. पहिल्या रीस्टार्टला पडदा काळा झाला की सेटअपचा पेनड्राइव्ह काढून घ्यायचा. बायोसमध्ये यूएसबी पहिल्या क्रमांकावर असेल तर नाहीतर सेटअप परत पहिल्या पानापासून सुरू होतो.

इंटरनेट मागणारं पान

देश आणि कीबोर्ड झाल्यावर इंटरनेट जोडायचं पान येतं. वायफायची यादी रिकामी होती, आणि होममध्ये इंटरनेटशिवाय पुढे जाऊ देत नाहीत. ही दुसरी हमखास अडण्याची जागा. उपाय तोच: दुसरा पेनड्राइव्ह लावायचा, शिफ्ट-एफ१०, डिस्कपार्टमध्ये लिस्ट व्हॉल्यूम देऊन पेनड्राइव्हचं अक्षर पाहायचं, एक्झिट देऊन बाहेर यायचं आणि पीएनपीयूटिल स्लॅश ॲड-ड्रायव्हर, वायफायच्या आयएनएफ फाइलचा पत्ता, स्लॅश इन्स्टॉल. मिनिटभरात घरचं नेटवर्क यादीत आलं. पूर्ण संच चढवायचा असेल तर पत्त्याच्या शेवटी तारांकन डॉट आयएनएफ लिहून मध्ये स्लॅश सबडिर्स घालायचं.

ड्रायव्हर नसेलच तर अँड्रॉइड फोन केबलने जोडून ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करा. त्याचा ड्रायव्हर विंडोजमध्ये आधीपासून असतो आणि लॅपटॉपला ते तारेचं नेटवर्क वाटतं. आयफोनला स्वतःचा ड्रायव्हर लागतो, तो या पायरीवर नसतो. फोनवर दिवसाला दीड जीबीचा पॅक असेल तर तो अपडेटमध्येच संपतो, म्हणून टेदरिंगवरून फक्त वायफायचा ड्रायव्हर मिळवावा.

खात्याबद्दल: मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन केलं की वापरकर्त्याचं फोल्डर ईमेलच्या पहिल्या पाच अक्षरांचं बनतं आणि नंतर ते नाव बदलणं त्रासाचं असतं. स्थानिक खातं हवं असेल तर रूफसने पेनड्राइव्ह बनवताना तो पर्याय मिळतो. काळ्या खिडकीतले जुने मार्ग नव्या आवृत्त्यांत एकेक करून बंद होत आहेत. स्थानिक खात्याचं नाव सुरुवातीला रोमन लिपीत, लहान आणि मोकळी जागा न सोडता द्या. नाव देवनागरीत दिलं तर फोल्डरही देवनागरीत बनतं, आणि युनिकोड न जाणणारे जुने छपाईचे प्रोग्राम त्या पत्त्यावर अडखळतात. पडद्यावर दिसणारं नाव नंतर मराठीत करता येतं.

मायक्रोसॉफ्ट खात्याने आत गेलात की डिव्हाइस एन्क्रिप्शन पुन्हा आपोआप चालू होऊ शकतं. नवी रिकव्हरी की त्याच दिवशी खात्यात पाहून कागदावर घ्यायची. जुनी की आता निरुपयोगी.

पहिला तास

विंडोज अपडेट, रीस्टार्ट, पुन्हा अपडेट, आणि ‘ऑप्शनल अपडेट्स’मधले ड्रायव्हर. मग डिव्हाइस मॅनेजर उघडून पिवळे त्रिकोण पाहायचे. ‘पीसीआय सिंपल कम्युनिकेशन्स कंट्रोलर’ उरला असेल तर तो इंटेलच्या मॅनेजमेंट इंजिनचा, ‘एसएम बस कंट्रोलर’ असेल तर चिपसेटचा. दोन्ही लॅपटॉप कंपनीच्या पानावर मिळतात. पडद्याचा उजेड कमी-जास्त करायच्या कळा किंवा ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय हवी असेल तर कंपनीचं छोटं युटिलिटी सॉफ्टवेअरही लागतं. बाकी त्यांचं काहीही टाकू नका.

ॲक्टिव्हेशनच्या पानावर डिजिटल लायसन्सने सक्रिय असल्याची ओळ आली.

भाषेच्या सेटिंगमध्ये मराठी जोडली. यात दोन कीबोर्ड मिळतात, इन्स्क्रिप्ट आणि फोनेटिक. इन्स्क्रिप्टवर शिफ्ट-जे म्हणजे ऱ, त्याने ‘सुऱ्या’ आणि ‘दऱ्या’ नीट उमटतात. मराठी जोडण्याचा आणखी एक फायदा बऱ्याच जणांना माहीत नसतो. कोऱ्या विंडोज ११ मध्ये देवनागरीसाठी फक्त निर्मला यूआय असतो. मंगल, कोकिळा, अपराजिता, उत्साह हे फाँट ‘देवनागरी सप्लिमेंटल फाँट्स’ या वेगळ्या संचात आहेत आणि भाषा जोडल्यावर ते उतरतात. ते नसताना मंगलमधली जुनी वर्डची फाइल उघडली तर मजकूर मराठीच दिसतो, पण निर्मलामध्ये. अक्षरांची रुंदी बदलते, ओळी सरकतात आणि चाळीस पानांचा अहवाल त्रेचाळीस पानांचा होतो. उतरला नाही तर ‘ऑप्शनल फीचर्स’मध्ये जाऊन हाताने घ्यायचा.

बॅकअपची डिस्क आता लावली. आधी पूर्ण स्कॅन, मग कॉपी. जुने फाँट निवडून उजव्या क्लिकने ‘इन्स्टॉल फॉर ऑल यूजर्स’, म्हणजे पुढच्या वेळी ते लपलेल्या फोल्डरमध्ये शोधावे लागत नाहीत. टॅलीचा परवाना पुन्हा चालू केला आणि शेवटच्या व्हाउचरची तारीख जुन्या कागदावरच्या नोंदीशी जुळवली. शेवटी श्रीलिपीतली एक जुनी निमंत्रणपत्रिका उघडली आणि पुसण्याआधी काढून ठेवलेल्या छापील प्रतीशेजारी धरली. जोडाक्षरं जागेवर होती, ओळी तिथेच तुटत होत्या.